जोगव्याचं पाचवं घर

मीनाक्षीवहिनी दिवाळीनंतर लखनौ सोडून पुण्याला लेकीकडे कायमच्या जाणार, हे श्रावणातच ठरलं. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं. सोफा माझ्या मुलाच्या, बंटीच्या, मित्रानं उचलून नेला. राहिलं होतं ते एक नवरात्र. "हे एवढं नीट पार पडलं की मी मोकळी," असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत होत्या. ज्याला मराठी येत नाही त्याला हिंदीत सांगत होत्या, म्हणजे त्यालाही कळत नव्हतंच.

मी माया रामटेके. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. वहिनी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर. आम्ही भंडाऱ्याकडचे, त्या नांदेडकडच्या. आमचे यजमान भाऊराव रेल्वेत होते म्हणून आम्ही इकडे आलो, वहिनींचे धनंजयराव बँकेत होते म्हणून त्या आल्या. धनंजयराव चार वर्षांपूर्वी गेले. भाऊराव रिटायर होऊन घरातच असतात आणि माझ्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मी स्वतः टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवय आहे. ती सवय या गोष्टीत पुढं उपयोगी पडली.

वहिनींबद्दल सांगायचं तर सुरुवात त्यांच्या परडीपासून करावी लागेल. बांबूची छोटी टोपली, कडेला लाल कापड शिवलेलं. वहिनींची कुलदेवी माहूरची रेणुका. त्यांच्या घरचा कुळाचार असा की नवरात्रातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी घरच्या बाईनं ही परडी घेऊन मिळून पाच घरी जायचं, दारात उभं राहून "जोगवा" म्हणून हाक द्यायची, आणि त्या घरच्या बाईनं मूठभर पीठ परडीत घालायचं. घरात पिठाचे डबे भरलेले असले तरी त्या पिठाला हात लावायचा नाही, मागून आणलेल्या पिठाचाच नैवेद्य करायचा. माणसाचा ताठा उतरावा म्हणून ही रीत, असं वहिनी सांगायच्या. आधी कळवून जायचं नाही. आणि पाचाच्या खाली यायचं नाही. धनंजयरावांची लखनौला बदली झाली तेव्हा सासूबाईंनी ही परडी वहिनींच्या हातात दिली आणि सांगितलं, पाच घरं चुकवू नकोस. त्याला एकतीस वर्षं झाली. सासूबाई विधवा झाल्यावरही मागत होत्या, म्हणून धनंजयराव गेल्यावर वहिनींनीही थांबवलं नाही.

सुरुवातीला लखनौत मराठी घरं पुष्कळ होती. बँकांतले लोक, कारखान्यांतले लोक, सरकारी खात्यांतले. वहिनी पाचाच्या जागी नऊ घरं करून यायच्या. मग लोक रिटायर होऊन नागपूरला, पुण्याला, संभाजीनगरला जायला लागले. काही इथंच गेले. मागे राहिलेल्या मुलांना मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं, आणि जोगवा म्हटलं की "वो क्या होता है आंटी?" अलीकडं गाडी बरोबर पाचावर आली होती. दोन घरं आमच्याच योजनेतली, त्यातलं एक सुचित्राचं, सेक्टर सहामधलं. एक तेलीबागेतलं. एक पार चिनहटला, कारखान्यातल्या एका मॅनेजरचं. आणि पाचवं जुन्या शहरात, चौक भागातलं मुक्ताचं. मुक्ताचा नवरा गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करून देणारा. सांगली जिल्ह्यातली ही माणसं देशभर सराफ बाजारांत जाऊन बसलेली आहेत, तशी लखनौच्या चौकातही आहेत. मुक्ताचं घर देवीच्या जुन्या देवळाच्या गल्लीतच होतं. तिथं शेवटची मूठ घ्यायची आणि परडी घेऊन पायऱ्या उतरून देवीला दाखवायची, असा वहिनींचा शिरस्ता. माहूर काही दर वर्षी गाठता येत नाही. "तिथं डोंगर चढून भेटते, इथं पायऱ्या उतरून. बाई तीच," असं त्या म्हणायच्या.

आता तुम्ही मोजलं असेल, तर त्यांच्या खालच्या मजल्यावरचं मराठी घर यात आलेलं नाही.

मी हे बावीस वर्षं मोजत आले आहे. आम्ही बौद्ध. घरात बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. देवीदेवता आम्ही मानत नाही, माझ्या सासऱ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हा विषय संपलेला आहे. तरी पहिल्या वर्षी काय झालं ते सांगते. आम्ही या इमारतीत नवे होतो, वहिनींशी आठ-दहा दिवसांत गट्टी जमली होती. नवरात्र आलं, मंगळवारी सकाळी वरून "परडी कुठं ठेवली हो" असा आवाज आला. मी एका वाटीत कणीक काढून दाराच्या मागं ठेवली. देवीसाठी नाही. परक्या गावात आपल्या भाषेतली बाई दारात येणार, तिला रिकामं कसं पाठवायचं, एवढाच विचार. पावलं जिन्यावरून खाली आली, माझ्या दाराशी क्षणभर हळू झाली, आणि तशीच खाली निघून गेली. संध्याकाळी मी त्या कणकेच्या पोळ्या केल्या. भाऊरावांना काही सांगितलं नाही. आमच्या गावात जोगव्याच्या बाया आमच्या वस्तीच्या अलीकडूनच वळायच्या, ते लहानपणी पाहिलेलं होतं. पण ते गाव होतं. इथं सातशे-आठशे किलोमीटरवर येऊनही वळण तसंच असेल, असं मला वाटलं नव्हतं. मला फार लागलं ते.

वहिनी वाईट असत्या तर सोपं झालं असतं. दोन दिवस कडकडून भांडले असते आणि विषय संपवला असता. पण याच बाईनं बंटीला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलात माझ्या शेजारी तीन दिवस बसून काढले. बंटीला बाराखडी यांनीच शिकवली, कारण मला वेळ नव्हता आणि भाऊरावांना धीर नव्हता. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा सगळ्यांच्या आधी जिना उतरून आल्या आणि न सांगता पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. माझ्याकडचा चहा त्या घेत, पाणी घेत. जेवायला मात्र कधी बसल्या नाहीत. "आज उपास आहे गं." सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी. एवढे उपास देवीनं स्वतःही केले नसतील. बुधवारी बोलावलं की त्यांचं पोट बिघडलेलं असायचं. मी बोलावणं सोडून दिलं आणि त्यांनी कारणं देणं सोडून दिलं, आणि दोघींचं छान चाललं.

देवळात त्यांच्याबरोबर जाणारी मात्र मीच. वहिनींचं हिंदी असं की रिक्षावाल्याला "मेरेकू देवीकू छोड" म्हणायच्या आणि तो बिचारा घाबरायचा. त्यात गुडघे दुखायचे. आणि मलाही त्याच दिवसांत अमीनाबादेत जायचंच असे, दसऱ्यासाठी पांढरी साडी घ्यायला. त्यांचा दसरा, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, तिथी एकच. तर दर वर्षी नवरात्रातल्या शुक्रवारी आम्ही दोघी निघायचो. आधी अमीनाबाद, मग चौक. मुक्ताच्या दारात मी चार पावलं मागं उभी राहायची. मग त्या पायऱ्या उतरून देवीपाशी जायच्या आणि मी वर बसून त्यांच्या चपला सांभाळायची. आत मी जात नाही, त्या बोलवत नाहीत. हा करारही न बोलता झालेला.

या वर्षी मंगळवारी त्यांनी चार घरं केली. माझ्या दारावरून उतरल्या आणि दुपारी चार मुठी घेऊन माझ्या दारावरून चढल्या. शुक्रवारी निघताना मी म्हटलं, "वहिनी, मुक्ताला एक फोन करा. सणाचे दिवस आहेत, असेल-नसेल."

"जोगवा काय फोन करून मागतात?" त्या म्हणाल्या. "मग तर ऑर्डरच दिली की."

अमीनाबादेत मी साडी घेतली. लखनवी चिकनची, पांढऱ्यावर पांढरं काम. गर्दीतून चालत बाहेर येऊन ई-रिक्षा केली आणि चौकात उतरलो. वहिनींनी परडी पदराखाली धरली होती. त्या खुशीत होत्या. मुक्ताला द्यायला त्यांनी डिंकाचे लाडू आणले होते, कारण आता परत भेट नाही.

मुक्ताच्या दाराला कुलूप होतं. कुलूपही नवं, आणि वर मोबाइलच्या कव्हरांच्या गोदामाची पाटी. वहिनींनी तरी हाक दिली, "जोगवा!" मग पुन्हा एकदा दिली. समोरच्या अत्तराच्या दुकानातला इत्रवाला बाहेर आला.

"किसको ढूँढ रही हैं अम्माजी? वो मरहठे लोग? वो तो गए. सावन में ही चले गए, सामान-वामान लेकर. अब सब मशीन से होता है, इनका काम रहा नहीं."

"गाँव गए?" मी विचारलं.

"हाँ, हमेशा के लिए."

वहिनी त्या पाटीकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना नीट कळलं नसेल, म्हणून मी मराठीत सांगायला गेले. "कळलं गं," त्या म्हणाल्या. "चारच झाल्या."

देवळाकडं आम्ही चालत गेलो, गल्लीच्या टोकालाच आहे ते. फार जुनं. किती जुनं ते पुजारी एक सांगतो आणि बाहेरचा फुलवाला दुसरं. आजूबाजूला रस्त्यावर रस्ते पडत गेले, घरांवर घरं चढली, आणि देवी आपल्या मूळच्या जागी राहिली, त्यामुळं तिच्याकडं जायला आता अकरा पायऱ्या उतराव्या लागतात. वर विजेच्या तारांचं जाळं, एका बाजूला फोन दुरुस्तीचं दुकान, दुसरीकडं कुल्फीवाला, आणि खाली तो शेंदूर लावलेला काळा पाषाण आणि चांदीचे डोळे. त्या दिवशी चुनरी आणि नारळ घेतलेल्या बायकांची रांग गल्लीपर्यंत आली होती. वहिनी दर वर्षी त्या रांगेत मुकाट उभ्या राहायच्या. या वेळी त्या रांगेत गेल्याच नाहीत. मी चपलांपाशी नेहमीच्या ओट्यावर बसले, तर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"दर्शन?" मी विचारलं.

"चार मुठी घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्यांनी परडी मांडीवर घेतली. त्यातली कणीक रुमालानं झाकली होती, तो रुमाल काढून त्या बघत बसल्या. मी म्हटलं, इथं कुणाकडूनही मूठभर आटा मागू, फुलवाल्याची बायको देईल. त्या नाही म्हणाल्या. जिला जोगवा म्हणजे काय ते कळतं तिनंच तो वाढायचा, नाहीतर ती भीक झाली. एवढं बोलणं होतंय तोवर पायऱ्या चढून एक भरल्या अंगाची बाई आली, तिच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. ओट्यावर बसलेली म्हातारी, मांडीवर टोपली. तिनं द्रोण वाकून परडीत ठेवला. "लो अम्मा, खा लेना." दोन पुऱ्या आणि हलवा. आणि रिक्षाला हात करून ती निघूनही गेली.

बँक मॅनेजरच्या बायकोला लखनौनं भिकारीण समजलं होतं. मला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून ते गेलं. मी द्रोण उचलायला हात पुढं केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबरच आहे. जोगवा असतोच यासाठी. माणसानं वाकावं म्हणून. सासूबाई सांगायच्या, जिथं वाकायला जड जातं तिथं आधी जा."

आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी ठरवलं नव्हतं. बावीस वर्षं आत ठेवलं होतं, आणखी महिनाभर ठेवलं असतं तर त्या पुण्याला गेल्या असत्या आणि माझंही वय झालं असतं.

"वाकलात की तुम्ही, वहिनी," मी म्हटलं. "पण दारं निवडून वाकलात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माझा आवाज मोठा, त्यामुळं फुलवाल्यानंही मान वळवली, पण त्याला काय कळणार. वहिनींनी रुमाल परत परडीवर घातला, चारही टोकं नीट खोचली, खूप वेळ खोचत राहिल्या. "चल," म्हणाल्या. देवीला वरूनच हात जोडले आणि चपला घातल्या. डिंकाचे लाडू त्यांनी इत्रवाल्याला देऊन टाकले.

 परतताना चारबाग स्टेशनपासून दुसरी रिक्षा केली. मला स्वतःचा राग येत होता. बाईचं शेवटचं नवरात्र, त्यात तिचं पाचवं घर गेलेलं, आणि मी नेमकं तेव्हाच टोचलं. आणि मला हेही वाटत होतं की बरं झालं बोलले. दोन्ही खरं होतं. जिन्यात माझं दार आलं तेव्हा त्या थांबल्या, "साडी चांगली मिळाली तुला," असं म्हणाल्या आणि वर गेल्या.

भाऊरावांना मी सगळं सांगितलं, पहिल्या वर्षीच्या वाटीसकट.  ते म्हणाले, "समजा आता त्या आल्या, तर देणार का?"

"देवीच्या नावानं मी चिमूटभरही देणार नाही."

"ते माहीत आहे. मी वहिनींचं विचारतोय."

मी कणीक मळायला घेतली. या माणसाला रिटायर झाल्यापासून असे प्रश्न सुचतात.

दिवेलागणीची वेळ होती. वर दार उघडल्याचा आवाज आला. पावलं एकेक पायरी करत उतरू लागली, गुडघ्यांमुळं त्या आधी उजवा पाय टाकतात, मग डावा. ती पावलं माझ्या दाराशी हळू झाली. मी परातीत हात तसाच ठेवून ऐकत राहिले. हे मी दर वर्षी ऐकत आले आहे, पुढं काय होतं ते मला पाठ आहे. पावलं पुढं गेली नाहीत.

बंटी हॉलमध्ये होता, त्यानं दार उघडलं. "मम्मी, आंटी आई हैं. टोकरी लेके. अंदर नहीं आ रहीं."

मी हात धुवून बाहेर आले. वहिनी उंबऱ्यापलीकडं उभ्या होत्या. काठाची जुनी हिरवी साडी, परडी दोन्ही हातांत. त्यांनी अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हटलं, "जोगवा."

"पाचवं घर मिळेना म्हणून आलात?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या.

"मुक्ता घरी असती तर?"

"तर नसते आले. खोटं कशाला बोलू. पुण्याला गेले असते आणि तुला दर दिवाळीला फराळ पाठवत राहिले असते." "तू देवी मानत नाहीस म्हणून तुझ्याकडं मागत नाही, असं मी माझ्या मनाला सांगत आले. ते खोटं आहे, माया. चिनहटची ती बाई लिंगायत आहे, मुक्ता मराठ्याची, त्यांची कणीक मला चालली. तुझ्याच दाराशी पाय जड व्हायचा. सासूबाईंनी परडी देताना आणखी एक सांगितलं होतं, घरं बघून माग. काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मला न सांगता कळलं होतं."

मागं भाऊराव येऊन उभे राहिले होते.

"पहिल्या वर्षी मी थांबले होते इथं," त्या म्हणाल्या. "दार अर्धवट उघडं होतं तुझं. वाटी दिसली होती मला."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की ती वाटी फक्त मी पाहिली आहे. मला रडू आलं असं म्हणायला बरं वाटेल, पण रडू आलं नाही, संताप आला.

"तू नाही म्हणालीस तरी चालेल," वहिनी म्हणाल्या. "चार मुठींचा नैवेद्य करीन. एकतीस वर्षांत एकदा मोडलं म्हणीन. पण या वर्षी तुझं दार चुकवून पाच झाल्या असत्या, तर ते जास्त मोडलं असतं. एवढंच सांगायला आले."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. अडुसष्ट वर्षांची बाई, चार दिवसांच्या उपासानं ओढलेला चेहरा, आणि कपाळावर सकाळचाच देवळाबाहेरचा धुरळा. ही बाई माझ्या पोराच्या उशाशी बसली होती. हीच माझ्या वाटीवरून नजर काढून जिना उतरून गेली होती. मला दोघी एकदम दिसत होत्या आणि कुणा एकीला बाजूला करता येत नव्हतं.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्ही काय मागितलंत ते. सुचित्राच्या दारात मागता तसं मागा. तिच्या सेक्टरात तुमची हाक कोपऱ्यापर्यंत जाते, मला ठाऊक आहे. इथं कुजबुजायचं नाही."

त्यांना कळलं. त्यांनी एकदा जिन्याकडं वर पाहिलं, एकदा खाली. मग परडी छातीशी धरली आणि हाक दिली.

"जोगवा वाढा, माई, जोगवा!"

एवढा आवाज त्या सुकलेल्या अंगात कुठून आला कोण जाणे. वरच्या मजल्यावरचे मिश्राजी दार उघडून कठड्यावरून वाकले. "क्या हुआ बहनजी, सब ठीक है?" खालच्या मजल्यावरचं दारही उघडलं. वहिनींनी वर बघून त्यांच्या हिंदीत सांगितलं, "सब ठीक है. मैं माया के घर में माँगने को आई." मिश्राजींना काही उमगलं नाही, पण ते तिथंच उभे राहिले. वहिनींनी पुन्हा एकदा हाक दिली. पहिलीपेक्षा मोठ्यानं.

मी आत गेले. डब्यातून वाटी भरून कणीक घेतली, मग वाटी तिथंच ठेवली आणि ओंजळीनं घेतली. उंबऱ्याशी येऊन परडीवर हात धरले.

"हे देवीला नाही," मी म्हटलं. "देवीचं नि माझं काही नातं नाही, आणि ते व्हायचंही नाही. हे तुम्हाला."

"मला तर मला," वहिनी म्हणाल्या. "तिला काय सांगायचं ते मी बघते."

मी ओंजळ सोडली. सुचित्राची, तेलीबागेतली, चिनहटची, सगळी कणीक आणि त्यात माझी. वहिनींनी परडी कपाळाला लावली. तेव्हा त्या रडल्या, आणि मग मीही. भाऊराव चष्मा पुसत आत गेले. बंटीनं विचारलं, "हुआ क्या है?" त्याला मी नंतर नीट बसवून सगळं सांगितलं, मराठीत.

दसऱ्याला सकाळी आम्ही विहारात जाऊन वंदना करून आलो. नवी पांढरी साडी मी नेसले होते. दर वर्षीप्रमाणं तांदळाची खीर, वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या. बाराच्या सुमारास वरून पावलं उतरली. वहिनी आल्या, आणि या वेळी उंबऱ्याशी थांबल्या नाहीत. हात रिकामे होते.

"नैवेद्य झाला," त्या म्हणाल्या. "कणकेचे दिवे लावले, पोळी दाखवली. पाच मुठींची."

"मग उपास सोडलात?"

"नऊ दिवसांचा आहे. कुठं सोडायचा ते बघत होते." त्यांनी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसल्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला सकाळी घातलेला हार. त्यांनी तिकडं बघून हात जोडले, मग माझ्याकडं पाहिलं. "बुधवार नाही ना आज?"

"गुरुवार आहे."

"गुरुवारीही माझा उपास असतो," त्या म्हणाल्या. "राहू दे त्याला."

मी ताट केलं. त्यांनी पहिला घास वरण-भाताचा घेतला. वहिनी सावकाश जेवत होत्या, नऊ दिवसांनी जेवणाऱ्या माणसानं जेवावं तशा. खीर संपवली, वांगं संपवलं. मी उठून पाणी आणायला निघाले, तर त्यांनी रिकामं ताट दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं धरलं.

"अजून थोडा भात वाढ गं, माया," त्या म्हणाल्या.

मी वाढला.